इंजिनाचा चातुर्मास

वैशाख सरत आला म्हणजे आमच्या खाडीकांठच्या गांवांत दोन ठिकाणीं एकच लगबग चालूं होते. वरच्या आळींत कुरडया-पापड वाळवणें, कौलें चाळणें, सरपण पडवींत ओढून घेणें, लोणच्याच्या बरण्यांना फडकीं बांधणें ही पावसाळ्याची बेगमी चाललेली असते. आणि खालीं बंदरावर नाखवेमंडळी आपापल्या होड्या शाकारण्याच्या उद्योगाला लागलेली असतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. हे दिवस कित्येक माशांच्या विणीचे, शिवाय समुद्र खवळलेला. तेव्हां सरकारी बंदी नसती तरी शहाण्या तांडेलानें या दिवसांत होडी बाहेर काढली नसतीच. हर्णैसारख्या उघड्या बंदरांतील नौका जवळच्या खाड्यांचा आश्रय करतात. लहान होड्या ओंडक्यांवरून भरतीच्या रेषेपलीकडे ओढून घेतात. मग त्यांवर नारळीच्या झावळ्यांचें, किंवा अलीकडे निळ्या प्लॅस्टिकचें, छप्पर चढतें. यालाच शाकारणें म्हणतात. घराला जो शब्द, तोच होडीला.

व्याकरण, पाठांतर आणि मुलांचें हस्ताक्षर यांविषयीं आजवर या सदरांत लिहिणाऱ्या आम्हांस होडीच्या इंजिनाशीं काय कर्तव्य, असें कित्येक वाचकांच्या मनांत येईल. आमचें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, व्यासंग संस्कृताचा, आणि समुद्रावर जाण्याचे प्रसंग आयुष्यांत बोटांवर मोजण्याइतके. तथापि या विषयांत आमचा संबंध पोंचतो, व तो कसा तें ओघानें येईलच.

गेल्या वर्षीं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यांत आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळीं ओसरीवर येऊन बसला. आतां तो चाळिशीचा नाखवा आहे. दोन सिलिंडरांच्या इंजिनाची होडी त्यानें कर्ज काढून घेतली आहे. पतपेढीकडे पाठवावयाचा अर्ज आमच्याकडून लिहून घेण्याकरितां तो आला होता. बंदी उठली त्या दिवशीं सर्व होड्या बाहेर पडल्या, याच्या होडीचें इंजिन मात्र फिरेना. हँडल घालून दोघे गडी लटकले तरी तें हललें नाही. मिस्त्रीनें तें उघडलें तेव्हां आढळलें कीं, दट्ट्याच्या कड्या गंजून सिलिंडरच्या भिंतीला जणूं झाळल्यासारख्या चिकटल्या आहेत. थंडाव्याचें खारें पाणी फिरतें त्या पोकळीत मिठाचे व गंजाचे थर बसले आहेत. आणि डिझेलच्या पंपांत पाणी शिरून तोही निकामी झाला आहे. होडी त्यानें उत्तम शाकारली होती. छपरांतून एक थेंब आंत आला नव्हता. परंतु शेवटच्या खेपेहून आल्यावर इंजिन बंद केलें, तें तसेंच सोडून दिलें होतें.

दुरुस्तीस तीन आठवडे लागले, आणि ते ऑगस्टमधले. बंदीनंतरच्या या आठवड्यांवर नाखवे लोकांचें अर्धें वर्ष अवलंबून असतें. पत्नीच्या पाटल्या गहाण पडल्या. अर्ज लिहितां लिहितां आम्हांस राग आला. लहान शाळा ती; संस्कृताचे तास संपले कीं विज्ञानाचे तासही आमच्याकडेच येत. तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे घालून, हवा आणि पाणी हीं दोन्ही जेथें भेटतात तेथेंच लोखंड गंजतें, हें याला आम्हींच दाखविलें होतें. तें आम्हीं त्यास बोलून दाखविलें. त्यानें मान खालीं घातली आणि एवढेंच म्हणाला, "गुरुजी, गंज कसा धरतो तें तुम्हीच शिकवलात, पण मे महिन्याच्या अखेरीला पैसा कुठून आणायचा, तें शिकवलात नाय."

या वाक्याचा पुरता अर्थ आम्हांस नंतर कळला.

यंदा मात्र मेच्या अखेरीस आम्हीं ठरवून दोन दिवस त्याच्या होडीवर जाऊन बसलों. बंदरावरचे एक वृद्ध मिस्त्री कामाला होते. पन्नास वर्षें त्यांच्या हातून इंजिनें गेलीं आहेत. त्यांनीं आरंभींच सांगितलें कीं, चालतें इंजिन सहसा गंजत नाही. तें तापलेलें असतें म्हणून आंतील दमटपणा उडून जातो, आणि तेलाचा पातळ लेप प्रत्येक भागावर सतत चढत राहतो. तें थांबलें, निवलें, कीं लेप हळूहळू ओघळून खालीं उतरतो आणि लोखंड उघडें पडतें. कोंकणांतील आषाढाची हवा कशी असते हें ज्यांच्या कपाटांतील पुस्तकांना बुरशी येते त्यांना सांगावयास नको.

कामाचा आरंभ इंजिन चालवूनच झाला, याचें आम्हांस नवल वाटलें. एका पिंपांत विहिरीचें गोडें पाणी भरलें, पाणी ओढणारी नळी समुद्राऐवजीं त्यांत सोडली, आणि चांगलें अर्धा तास इंजिन चालविलें. खाऱ्या पाण्याचें मीठ गोड्या पाण्यांत विरघळून बाहेर पडावें, हा हेतु. मग इंजिन ऊन असतांनाच खालचा खिळा काढून जुनें तेल सोडलें. ऊन तेल पातळ असतें व काजळी आपल्याबरोबर घेऊन जातें. येथें आम्हीं विचारलें कीं, नवें तेल घालावयाचें तर तें ऑगस्टमध्यें, काम सुरू होतेवेळीं घालावें. दोन महिने नुसतें पडून राहणाऱ्या इंजिनाला आतांच नवें तेल कशाला? मिस्त्री हंसले. वापरलेल्या तेलांत नुसती काजळी नसते. इंधनांतील गंधक जळून झालेलीं आम्लें आणि पाण्याचा अंश त्यांत मिसळलेला असतो. तें तेल आंत ठेवून इंजिन दोन महिने बंद ठेवणें म्हणजे चिंचेचें सार पितळेच्या पातेल्यांत रात्रभर ठेवण्यासारखें आहे. ही उपमा आमची. परंतु मिस्त्रींनीं ती मान्य केली. नवें तेल आणि नवी गाळणी घालून इंजिन आणखी पांच मिनिटें फिरविलें, म्हणजे तें तेल सर्वत्र पोंचलें.

त्यानंतर पाणी. इंजिनाच्या अंगांत पाण्याचीं जीं पोकळ जागा असते तिच्या तळाशीं एक तोटी असते. ती उघडली कीं पाणी जातें, असें आपणांस वाटतें. पण तोटीच्या तोंडाशीं गाळ अडकला तर दोन थेंब येऊन बंद होतें आणि सर्व पाणी गेलें असा भ्रम होतो. म्हणून मिस्त्रींनीं तार घालून भोंक मोकळें केलें; तेव्हां आणखी तांब्याभर पाणी आलें. पाण्याच्या पंपांत एक रबरी चक्री असते. तिचीं पातीं घरांत वांकून दाबलेलीं असतात. महिनोन्महिने तशींच राहिलीं तर त्यांना कायमचा बांक येतो व मग पाणी ओढलें जात नाही. ती काढून, धुवून, ग्लिसरिनचा हात फिरवून डब्यांत ठेवली. रबराला तेल लावूं नये, तें फुगतें, हेंही तेव्हां कळलें.

डिझेलची टाकी आम्हीं होतों तर रिकामी करून ठेविली असती. मिस्त्रींनीं उलट केलें. तळचें पाणी व गाळ सोडून देऊन टाकी जवळजवळ कांठोकांठ भरविली. अर्ध्या रिकाम्या टाकींत हवा असते. ती दिवसा तापते, रात्रीं निवते, आणि तींतील बाष्प आंतल्या बाजूला दंवासारखें जमून खालीं ओघळतें. पाणी डिझेलपेक्षां जड, म्हणून तें तळाशीं बसतें. आणि जेथें पाणी व डिझेल भेटतात त्या पातळीवर सूक्ष्म जंतु वाढून शेवाळासारखा चिकट थर धरतात. ऑगस्टमध्यें होडी लाटांवर हलली कीं तो थर उसळून गाळणींत अडकतो आणि भर समुद्रांत इंजिन बंद पडतें. डिझेलमध्यें जीव जगतात, हें आमच्या क्रमिक पुस्तकांत नव्हतें!

शेवटीं दोन्ही सिलिंडरांवरचे डिझेल फवारणारे नोझल काढून, आंत चमचाभर स्वच्छ तेल सोडून, हातानें इंजिन दोनदां फिरविलें. हवेच्या वाटेंत आणि धुराच्या नळीच्या तोंडांत तेलांत भिजविलेल्या कापडाचे बोळे बसविले. उंदरांना धुराची नळी फार आवडते म्हणे. बॅटरीचें उणें टोक आधीं आणि अधिक टोक मागून सोडवून ती घरीं नेली. ती अधूनमधून भरून ठेवावी लागते. पंख्याच्या दांड्यावर जस्ताची एक झिजलेली चकती होती, ती बदलली. पंखा पितळी, दांडा पोलादी आणि भोंवतीं खारें पाणी. अशा संगतींत जस्त स्वतः झिजून दुसऱ्यांना वांचवितें. ही युक्ति हम्फ्री डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें १८२४ सालीं काढली. ब्रिटिश आरमाराच्या जहाजांना तळाशीं तांब्याचा पत्रा असे, तो समुद्रांत खाल्ला जाई. डेव्हीनें जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पत्रा वांचविला खरा. परंतु तांबें विरघळेनासें झाल्याबरोबर, त्याच्या विषामुळें आजवर दूर राहिलेले शिंपले आणि शेवाळ जहाजांच्या तळाला निर्धास्त चिकटले आणि जहाजें मंदावलीं. आरमारानें तो उपाय तेवढ्यापुरता सोडून दिला. कल्पना मात्र टिकली, आणि आज आमच्या खाडींतल्या लहानशा होडीच्या दांड्यावर ती बसलेली आहे.

येथें एक वाद झाला तो सांगितला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याचें म्हणणें, कीं एवढा खटाटोप करण्यापेक्षां दर आठवड्यास पांच मिनिटें इंजिन चालवून ठेवावें. शेजारचे तसेंच करतात. मिस्त्रींनीं तें साफ नाकारलें. मात्र कारण त्यांना सांगतां येईना, "आमच्या उस्तादांनीं सांगितलंय" एवढेंच ते म्हणत. कारण आम्हीं घरीं येऊन कागदावर काढलें. डिझेलमध्यें कर्ब आणि हायड्रोजन असतात. जळतांना हायड्रोजनचें पाणी होतें. आणि हिशेब करून पाहतां एक लिटर डिझेलपासून सुमारें एक लिटर पाणी वाफेच्या रूपानें निर्माण होतें. इंजिन पुरतें तापलें तर ही वाफ धुराबरोबर निघून जाते. पांच मिनिटांत तें तापत नाही. तेव्हां तिच्यांतील कांहीं भाग आंतच थिजून तेलांत आणि नळींत राहतो. म्हणजे गंजापासून वांचविण्याकरितां आपण दर आठवड्यास इंजिनाला आंतून पाणी पाजतों. दुसऱ्या दिवशीं हें मिस्त्रींना वाचून दाखविलें. त्यांना त्यांत विशेष कांहीं वाटलें नाही. उस्ताद चुकले नव्हते, एवढें त्यांना पुरें होतें. नुसत्या हातानें दर पंधरवड्यास दोन फेरे फिरवावेत, यावर मात्र दोघांचें एकमत झालें.

आमचा एक पुतण्या अमेरिकेंत मिनेसोटा प्रांतीं असतो. तेथें सरोवरें पुष्कळ. त्यानें हौसेनें लहान नौका घेतली आहे. त्याला फोनवर ही हकीकत सांगितली तेव्हां तो म्हणाला, "काका, आम्हीही हेंच करतों, पण ऑक्टोबरांत, आणि आमचा शत्रु वेगळा." तेथें हिंवाळ्यांत सरोवरें गोठतात, आणि पाणी गोठतांना सुमारें नऊ टक्के फुगतें. इंजिनाच्या पोकळीत वाटीभर पाणी राहिलें तर ओतीव लोखंडाची जाड भिंत तडकते. येथें तांब्याभर पाणी राहिलें तर गंज चढतो, तेथें तें इंजिन फोडतें. तार घालून भोंक मोकळें करण्याचें महत्त्व तेथें किती असेल याची कल्पना यावी. म्हणून ते लोक पाणी काढून त्याच्या जागीं प्रोपिलीन ग्लायकॉल नांवाचा, बहुधा गुलाबी रंगाचा, न गोठणारा द्रव फिरवितात. मोटारींत पूर्वापार वापरला जाणारा एथिलीन ग्लायकॉल त्याचाच भाऊबंद. पण तो विषारी आणि चवीला गोड, त्यामुळें कुत्रीं-मांजरें तो चाटून मरतात. बॅटरीचेंही तसेंच: पुरती भरलेली असेल तर उणे ५० अंशांपर्यंतची थंडी सोसते, उतरलेली असेल तर त्या प्रांतांतील साध्या थंडींतही गोठून फुटते. पुतण्याचें इंजिन नौकेच्या मागें टांगावयाचें, पेट्रोलचें आहे. तसलें इंजिन यशस्वी करणारा ओले एव्हिनरूड हा शेजारच्याच विस्कॉन्सिनचा, मिलवॉकी शहरीं १९०९ सालीं त्याचा धंदा सुरू झाला. तें इंजिन आडवें न ठेवतां उभें ठेवावें लागतें, म्हणजे उरलेलें पाणी आपोआप गळून जातें. खालच्या दांत्यांच्या पेटींतील तेल दुधासारखें पांढरट निघालें तर पाणी शिरलें असें समजावें, आणि तें थंडी पडण्यापूर्वींच बदलावें.

पेट्रोलच्या बाबतींत त्यानें सांगितलेली एक गोष्ट ज्यांच्या घरीं होडी नाहीं त्यांच्याही उपयोगाची आहे. पेट्रोलमध्यें मिसळलेलें इथेनॉल हवेंतील ओल शोषून घेतें, आणि पुरेशी ओल झाली कीं तें पाण्यासह वेगळें होऊन तळाशीं बसतें. आपल्याकडेही आतां पेट्रोलमध्यें वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तेव्हां मुलगा परदेशीं गेला म्हणून पावसाळाभर अंगणांत उभी राहिलेली स्कूटर, किंवा विजेच्या भरंवशावर विसरलेला लहान जनित्र, यांच्या कार्ब्युरेटरमधील पेट्रोल काढून ठेवणें बरें.

संस्कृतांत योगक्षेम म्हणून एक जोडशब्द आहे. जें नाहीं तें मिळविणें हा योग, आणि मिळालेलें राखणें हा क्षेम. आपण योगाचे उत्सव करतों. नवी होडी आली कीं फुलें, नारळ, पताका. क्षेमाला कोणी पताका लावीत नाही. हें आम्हीं वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें असेल. पण क्षेमाला पैसा लागतो, आणि तो ज्या वेळीं लागतो ती वेळच वाईट असते, हें कधीं सांगितलें नाही. कारण तें आम्हांसच माहीत नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं काम आटोपल्यावर हिशेब झाला. तेल, गाळण्या, जस्ताची चकती, मिस्त्रींची मजुरी आणि टाकी भरण्याचें डिझेल मिळून आंकडा वीस हजारांच्या घरांत गेला. डिझेल कांहीं वायां जात नाही, तें ऑगस्टमध्यें कामीं येतेंच. परंतु तो पैसा दोन महिने टाकींत अडकून पडतो, आणि ते दोन महिने असे कीं घरांत एक रुपया येत नाही. मासेमारींत मिळकतीचे वाटे पाडण्याची जुनी रीत आहे. खलाशांचे वाटे असतात, तांडेलाचा असतो, तसेच होडीचा, जाळ्याचा आणि इंजिनाचाही वाटा असतो. हा इंजिनाचा वाटा मालकाच्या हातीं येतो, पण तो मालकाचा नव्हे. तो इंजिनानें आपल्या म्हातारपणासाठीं व आजारपणासाठीं मिळविलेला आहे. इंजिन मागायला येत नाही, एवढेंच.

आम्हीं सहज विचारलें, "गेल्या वर्षीं इंजिनाचा वाटा ठेवला नव्हतास काय?"

तो गप्प राहिला. उत्तर त्याच्या पत्नीनें दिलें. ती चहाची किटली घेऊन आली होती. "ठेवला होता कीं, गुरुजी. पोरीच्या वसतिगृहाला भरला."

ती मुलगी बारावीला उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाली होती. तिचें शिक्षण बंद करून लग्न उरकण्याचें घरांत चाललें असतां, त्याच गेल्या वर्षीं मे महिन्यांत, आम्हीं स्वतः त्यांच्या घरीं जाऊन, अधिकारानें, जवळजवळ दटावून सांगितलें होतें कीं, काय वाटेल तें करा पण मुलीला पुढें पाठवा. प्रवेशाचे पैसे आजच्या आज भरा. त्यानें ते भरले. पैसे कोठून आणलेस, हें आम्हीं विचारलें नव्हतें. आणि तीन महिन्यांनीं आमच्याच ओसरीवर आम्हीं त्याला परीक्षानळींतले खिळे आठवून दिले होते!

मुलीला पाठविण्याचा सल्ला चुकला असें आम्हांस आजही वाटत नाही. ती आतां दुसऱ्या वर्षाला आहे, आणि यंदाही तिचे पैसे त्याच सुमारास भरावयाचे होते. परंतु सल्ला देणारानें त्या सल्ल्याची किंमत कोणाच्या वाट्यांतून जाते एवढी चौकशी करावयास नको होती काय? त्या दिवशीं चहा घेतांना आम्हांस फार बोलवलें नाही. यंदाचे डिझेलचे पैसे आमच्या निवृत्तिवेतनांतून द्यावे असें आम्हीं सुचविलें. तो दान घेईना. अखेर असें ठरलें कीं, डिझेल आमचें समजावें. ऑगस्टमध्यें तें जळेल तसतसे पैसे त्यानें खेपेगणिक परत करावे. आणि यापुढें इंजिनाचा वाटा दर खेपेला वेगळ्या डब्यांत पडावा व डबा आमच्या घरीं असावा. घरच्या मंडळींनीं प्रथम थोडें नाक मुरडलें, माशांचे पैसे देवघराशेजारीं कसे ठेवावयाचे म्हणून. आमच्या वहिनींनींच तो प्रश्न सोडविला. डबा त्यांनीं कोठीच्या खोलींत, तांदुळाच्या कणगीमागें ठेवला आहे.

मिस्त्रींचा एक नेम आहे. इंजिनाच्या तोंडांत जितके बोळे घातले तितके ऑगस्टमध्यें निघालेच पाहिजेत, नाहींतर पहिल्याच फेऱ्याला कापड आंत ओढलें जाऊन सर्व केलेलें वायां जावयाचें. म्हणून ते काय काय काढलें आणि काय काय कोंबलें याची चिठ्ठी फिरविण्याच्या हँडललाच बांधतात. चिठ्ठी आम्हीं लिहिली, शाळेंतल्या फळ्यावर लिहीत असूं तशा मोठ्या अक्षरांत: हवेच्या वाटेंतील बोळा काढणें, धुराच्या नळींतील बोळा काढणें, रबरी चक्री डब्यांतून काढून बसविणें, तळची तोटी बंद करणें, पाण्याची नळी उघडणें, बॅटरी जोडणें. पावसानें शाई पसरूं नये म्हणून ती प्लॅस्टिकच्या पिशवींत घातली आहे.

तें हँडल पंधरवड्यांतून एकदां तो घेऊन जातो, दोन फेरे फिरवितो, आणि परत आणून आमच्या ओसरीवर छत्रीच्या खुंटीला अडकवितो. हें लिहीत असतां बाहेर आषाढाची झड लागली आहे. परवां तो येऊन गेला. इंजिन हलकें फिरतें म्हणाला.